पाखरांचा उठाव

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. काशाची, तुमच्या छातीइतक्या उंचीची, काठाला हिरवट गंज चढलेली. दूरच्या एका बेटावर, दीपगृहाच्या शेजारी, लोखंडी कमानीला मी टांगलेली आहे. मला पाहिले की लहान काय आणि मोठे काय, सगळ्यांचा हात आधी दोरीकडे जातो. तुमचाही जाईल. तो जरा आवरा आणि माझी हकीकत ऐका. ती गोड नाही, पण खरी आहे.

माझा जन्म भट्टीत झाला. तांबे आणि कथील यांचा रस मातीच्या साच्यात ओतून ओताऱ्याने मला तीन दिवस निवू दिले. चौथ्या दिवशी साचा फोडला, लाकडी हातोड्याने माझ्या काठावर एकच टोला दिला आणि आवाज पार विरेपर्यंत तो डोळे मिटून उभा राहिला. मग म्हणाला, "जमली!" आजवर मला मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी. माझ्याबरोबर ओतलेल्या बहिणींपैकी एक देवाच्या दारी गेली, एक शाळेत गेली. मी समुद्राकडे आले. मला वाईट वाटले नाही. भजनाला बोलावणारी घंटा आणि बुडणाऱ्याला बोलावणारी घंटा, दोघींचा धनी एकच, असे मी मनाशी धरले.

बेट तरी केवढे? या टोकापासून त्या टोकापर्यंत माणूस पाऊण तासात चालत जाईल एवढे. खाली होड्यांचा धक्का. धक्क्यापासून माझ्यापर्यंत एकशे चौदा पायऱ्या. माझ्या उजव्या हाताला उभा कडा आणि त्याच्या कपारीकपारीत हजारो सुरय. सुरय म्हणजे काळ्या टोपीचा, दुभंगलेल्या शेपटीचा पांढरा समुद्रपक्षी. तो घरटे बांधतच नाही. उघड्या दगडावर एकच अंडे घालतो आणि त्यावर बसून राहतो. बसून राहणे हेच त्याचे घरटे. तो उठला की घरटेच उठले म्हणायचे.

माझ्या डाव्या हाताला, थोडे पुढे समुद्रात, एक छोटे खडकाळ बेट आहे. मोठ्या बेटाच्या मागे मागे चालल्यासारखे दिसते म्हणून त्याला सगळे 'पिल्लू' म्हणतात. दोघांच्या मध्ये वाळूचा एक चिंचोळा पट्टा आहे. त्याचे नाव सांधा. ओहोटीला सांधा उघडा पडतो, माणसे कोरड्या पायांनी पिल्लावर जातात. भरती आली की सांधा पाण्याखाली, आणि पिल्लू एकटे.

मला दोनच शब्द येत होते. पहिला, तीन सुटे टोल, मध्ये थांबून थांबून: होडी निघते आहे, धक्क्यावर या. दुसरा, सलग घणघणाट: जीव धोक्यात आहे, हातातले टाका आणि पळा. धुक्यात वाट चुकलेल्या कितीतरी होड्या माझ्या आवाजाचे बोट धरून धक्क्याला लागल्या. ओल्या कपड्यांनी वर येऊन कोळ्यांनी माझ्या अंगावरून हात फिरवला, डोके टेकवले. त्या दिवसांत मला वाटायचे, मी धातूची नाही, कुणाच्या तरी दयेची घडवलेली आहे.

मग दिवस पालटले. दीपगृहाचा दिवा आपोआप लागू लागला. होड्यांना वाट दाखवणारी यंत्रे आली. माझी दोरी कुजली, ती कुणी बदलली नाही. कुरव, ते समुद्रावरचे दांडगे, लुटारू पक्षी, माझ्या डोक्यावर बसून घाण करीत. बेटावर उरला एकटा राखणदार. त्याची बायको लवकर गेली होती. एक मुलगी होती, अखंड बोलणारी, म्हणून बापाने तिचे नाव पाडले टिटवी. ती या पायऱ्यांवर मोठी झाली, शिकायला किनाऱ्यावर गेली आणि तिथल्याच एका तांडेलाशी लग्न करून बसली. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. माणूस कष्टाळू, हसरा, बोलण्यात गोड. त्याच्या डोक्यातून कल्पना निघाली, की लोकांना होडीतून बेट दाखवायला आणायचे. नवरा होडी चालवील, बायको बेट दाखवील. राखणदाराला आनंद झाला. लेक दर आठवड्याला दारात! त्याने मला घासूनपुसून नवी दोरी बांधली. लोक बेटभर पांगले की त्यांना परत बोलवायला तीन टोल लागणारच होते.

इथपर्यंत सगळे छान होते, मित्रांनो. मग बिघडले कुठे? सांगते. आणि हेही सांगते, की बिघडले ते वाईटपणातून नाही, मायेतून.

एका सहलीत एक म्हाताऱ्या आजी आल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू, हाताला सून. एकशे चौदा पायऱ्या त्या बसत-उठत चढल्या, का तर पक्षी पाहायचे. कड्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सूनबाई, नुसतं पांढरं पांढरं दिसतंय गं. एवढ्या उंचावर चुना कुणी लावला?"

"अहो आई, चुना नाही, पक्षी बसलेत ते."

"असतील बाई. माझ्या नशिबी चुनाच."

सगळे हसले, पण राखणदाराला ते लागले. तो म्हणाला, "आजी, दिसत नसेल तर ऐकवतो," आणि माझ्याकडे येऊन त्याने दोरी धरली. तीन टोलांना पाखरे सरावलेली होती, ती मान वळवीत नसत. सलग घणघणाट मात्र कित्येक वर्षांत झाला नव्हता. राखणदाराने तो केला.

मित्रांनो, अख्खा कडा उठला! हजारो पंखांचा तो आवाज वरून, खालून, चारी बाजूंनी आला. उन्हाचा रंग बदलला. आजींनी दोन्ही हात जोडले, बंद डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "देवा," त्या म्हणाल्या, "एवढा तुझा पसारा, आणि मी मेली चुना म्हणाले!"

खोटे कशाला बोलू? मलाही आवडले. इतक्या वर्षांनी माझा आवाज ऐकून कुणीतरी हात जोडले होते. आजींच्या मागे उभ्या असलेल्या पंचवीस माणसांनी मात्र हात जोडले नव्हते. त्यांनी कॅमेरे वर केले होते. आणि तांडेल आजींकडे नाही, त्या कॅमेऱ्यांकडे पाहत होता.

पुढच्या सहलीला त्याने स्वतः दोरी ओढली. त्याला नावही दिले, 'उठाव'. किनाऱ्यावरच्या धक्क्यावर फलक लागला: पाखरांचा उठाव पाहा. टिटवी लोकांना कड्यासमोर रांगेत उभे करी, "कॅमेरे तयार? बघा हं आता!" असे म्हणून हात वर करी, आणि तिचा नवरा मला बडवी. लोक टाळ्या वाजवीत. कुणी म्हणे, "अजून एकदा!" मग अजून एकदा.

टाळ्या वाजवणाऱ्यांना कडा फक्त वरून दिसतो. मला तो खालपर्यंत दिसतो. सुरय घाबरून उठला की पायाच्या धक्क्याने अंडे घरंगळते. उघड्या पडलेल्या पिल्लांवर कुरव तुटून पडतात, एकेकाला उचलून नेतात. दोन मिनिटांनी आईबाप परत येतात आणि रिकाम्या दगडावर बसून राहतात. तसेच, बसून. उबवायला काही नसताना. एका कपारीवर हंगामाच्या सुरुवातीला एकवीस अंडी होती. सहा उठावांनंतर चार राहिली.

हे राखणदारालाही दिसत होते. एके दिवशी त्याने जावयाच्या हातातून दोरी काढून घेतली.

"जावईबापू, ही घंटा आहे. माकडं नाचवायचा डमरू नव्हे."

"मामा, दोन मिनिटांचं तर काम. पाखरं काय, उठतात आणि बसतात."

"पाखरांचं जाऊ द्या. त्यांचं मी देवाला सांगेन. उद्या खरंच धोका आला, तर मी काय वाजवू? माझ्याकडे दुसरा आवाज आहे का?"

तांडेल हसला. उद्धटपणे नाही, लाडाने हसला. "मामा, एक विचारू? पहिला उठाव केला कुणी?"

राखणदाराने दोरी सोडून दिली. तो आत निघून गेला. तेव्हापासून त्याने माझ्या दोरीला हात लावला नाही, आणि जावयाचा हातही त्याने पुन्हा धरला नाही. त्याने वरच्या कचेरीला दोन पत्रे लिहिली. उत्तर आले, की धोक्याच्या सूचनेसाठी बेटावर घंटा उपलब्ध असून ती चालू स्थितीत आहे. होते खरे तसे. चालू स्थितीत मी होतेच.

आता त्या दिवसाकडे येते.

सकाळी नऊला होडी लागली. एकोणीस माणसे. येताना त्यांना डॉल्फिन दिसले होते, म्हणून सगळे खुशीत, एकमेकांना फोटो दाखवीत पायऱ्या चढत होते. त्यांत एक निवृत्त मुख्याध्यापक होते. उंच, किडकिडीत, गळ्यात जड कॅमेरा, एका कानाने कमी ऐकणारे. टिटवीने काही सांगितले की ते वहीत टिपून घेत आणि तिला शाबासकी देत, "उत्तम! स्पष्ट उच्चार!" टिटवी हसे. "सर, मला बाबांनी टिटवी नाव ठेवलं ते माझ्या उच्चारांवरूनच."

तिने त्यांना दीपगृह दाखवले. गोल जिना, भिंतींचा ओला वास, वरची भिंगाची खोली, जिथे माणूस उलटा दिसतो. पावसाचे पाणी साठवायचे जुने टाके दाखवले. दगडांखालचे खेकडे दाखवले. मग सावली पाहून सगळे जेवायला बसले, आणि टिटवी बापाच्या खोलीत आली. खोलीचे दार माझ्यापासून पाच पावलांवर आहे, त्यामुळे सगळे मला ऐकू आले.

"बाबा, एक काम आहे. चिडायचं नाही."

"म्हणजे चिडण्यासारखं आहे."

"आज हे होडीवरच थांबणारेत. लाटा मोठ्या आहेत, नांगर सरकतोय. उठावाला वर येता यायचं नाही त्यांना. मी जेवणानंतर सात जणांना पिल्लावर नेतेय, कासवं दाखवायला. तिथून कडा समोर दिसतो, उठाव काय सुंदर दिसेल! तुम्ही वाजवा ना. बरोबर अडीचला. तो बघून आम्ही लगेच परत. तीनपर्यंत सांधा उघडा आहे."

"टिटवे, तुला ठाऊक आहे मी वाजवत नाही."

"एकदाच. माझ्यासाठी."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग राखणदार म्हणाला, "बघू."

मित्रांनो, आपल्या बोलण्यात हा एक विचित्र शब्द आहे. लेकराने काही मागितले आणि नाही म्हणायला जीभ उचलत नसली, की बाप म्हणतो, "बघू." बापाला वाटते, आपण नकार दिला. लेकराला वाटते, आपले काम झाले. राखणदाराच्या मनात त्या दिवशी नाही होते, हे त्याने नंतर कितीदा तरी माझ्यासमोर बसून सांगितले. पण टिटवीने लहानपणापासून बापाच्या 'बघू'चा एकच अर्थ लावला होता. "बघू म्हणजे हो!" असे ओरडत ती बाहेर आली, जाता जाता मला एक थाप मारली आणि पायऱ्या उतरून गेली.

सव्वा वाजता ती सात जणांना घेऊन सांध्यावरून पिल्लावर गेली. बाकीचे बारा धक्क्याजवळच्या सावलीत आडवे झाले. राखणदार दुर्बीण घेऊन माझ्या शेजारच्या कठड्यावर बसला. तो दोरीकडे पाहत नव्हता. लेकीकडे पाहत होता. पिल्लाच्या पलीकडच्या अंगाला, डबक्यात, दोन मोठी कासवे अडकून पोहत होती. लोक त्यांच्याभोवती ओणवे झाले होते.

दोनच्या सुमारास वारा फिरला. सकाळपासून जमिनीकडून येत होता, तो एकदम समुद्राकडून आला. माझा लोलक आपोआप हलला. राखणदाराने दुर्बीण फिरवली. पिल्लाच्या मागे, दूर पाण्यावर, एक काळसर रेघ उमटली होती. ती जवळ येत होती. वारा भरतीला मागून ढकलत होता. तीनला बुडणारा सांधा सव्वादोनलाच बुडणार, हे त्याला कळले. मलाही कळले.

तो उठला आणि त्याने माझी दोरी धरली.

चार हंगामांनी त्याचे हात मला लागले होते. जीव एकवटून त्याने ओढले, आणि मी माझ्या आयुष्यात कधी वाजले नव्हते तशी वाजले. पळा, पळा, हातातले टाका आणि पळा!

कडा उठला. हजारो सुरय किंचाळत आभाळात गेले. आणि पिल्लावरच्या सात माणसांनी कॅमेरे वर केले.

टिटवी काय म्हणाली ते वाचलेल्यांनी नंतर सांगितले. तिने मनगटावर पाहिले, दोन वाजून पाच मिनिटे झाली होती, आणि ती हसून म्हणाली, "बाबांचं घड्याळ पुढे गेलंय वाटतं!" मग तिने दोन्ही हात उंच करून टेकडीकडे पाहून हलवले. बापाने ऐकले म्हणून. बाप विरघळला म्हणून.

राखणदाराला दुर्बिणीची गरज नव्हती. तिचे ते हलणारे हात नुसत्या डोळ्यांनी दिसत होते. "अगं पाणी! पाणी बघ!" तो ओरडत होता. पण तिथून पिल्लापर्यंत माणसाचा आवाज कुठला पोचायला? त्यासाठीच तर मी होते. तो आणखी जोरात ओढू लागला. टिटवीने टाळ्या वाजवल्या.

काय करावे त्याने? वाजवीत राहावे तर उठाव चालू आहे असे वाटणार. थांबावे तर उठाव संपला असे वाटणार. खाली धक्क्याजवळ होडीत तांडेल खदखदून हसत सोबत्याला सांगत होता म्हणे, "ऐकलंस? अखेर मामांनीच केला उठाव! आणि काय केलाय!" सावलीत आडवी झालेली बारा माणसेही उठून बसली होती, आणि त्यांच्याही माना वर होत्या.

मग राखणदाराला माझा पहिला शब्द आठवला. त्याने लोलक हातांनी धरून थांबवला आणि एकेक करून तीन टोल दिले. होडी निघते आहे, या. पण आभाळात हजारो पाखरे ओरडत होती. त्यांच्या आकांतात माझे तीन टोल कुठे जाणार? मीच उठवलेल्या पाखरांनी माझा आवाज गिळला.

त्याने पुन्हा तीन दिले. पुन्हा तीन. चौथ्या वेळी टिटवीचे हात खाली आले. ती थबकली. अर्धेमुर्धे काहीतरी तिला ऐकू आले असावे. तिने आभाळाकडे पाहणे सोडून आधी टेकडीकडे पाहिले, मग पायाशी पाहिले.

सांध्यावर तेव्हा गुडघाभर पाणी होते.

राखणदाराने दोरी सोडली आणि पायऱ्यांवरून धावत सुटला. त्यापुढे मी मुकी होते. फक्त पाहत होते. टिटवीने माणसे गोळा केली, एकमेकांचे हात धरायला लावले, आणि साखळी करून पाण्यात उतरवली. पुढे स्वतः होती. मध्यावर पाणी कमरेला लागले. एक बाई पडली, तिला तिने केसांना धरून उचलले. सगळे या काठाला लागले. तिने मोजले. सहा.

मुख्याध्यापक पलीकडच्या अंगाला होते. ज्या कानाने कमी ऐकू येई तो टिटवीकडे होता. त्यांना वाटत होते, उठाव चालूच आहे. खडकावर गुडघे टेकून ते आभाळाचे फोटो काढत होते.

"सर!" अशी हाक मारून ती परत पाण्यात शिरली. त्या सहा जणांपैकी एकाने तिचा दंड धरला होता, तो तिने सोडवून घेतला. ती पिल्लावर पोचली. मी पाहिले. तिने सरांच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांनी वळून पाहिले, ते घाईने उठले. दोघे हात धरून सांध्याच्या तोंडाशी आले. पण तोवर सांधा कुठे होता? दोन्ही बाजूंच्या लाटा मध्ये येऊन एकमेकींवर आपटत होत्या. तांडेलाने नांगर कापून होडी सोडली होती, पण खडकांमुळे त्याला वळसा घालून यावे लागत होते. राखणदार काठाशी पोचून छातीइतक्या पाण्यात गेला, तेव्हा त्या सहा जणांनी त्याला कवळून धरले. काळी रेघ आली. ती काही फार मोठी लाट नव्हती. ती पिल्लावरून सावकाश गेली, आणि गेल्यावर तिथे कुणी नव्हते.

कड्यावरचे सुरय अजून उतरले नव्हते. कुरव मात्र उतरले होते. कपारींवर त्यांचे जेवण चालले होते.

मुख्याध्यापक दुसऱ्या दिवशी खडकांत सापडले. टिटवी तिसऱ्या दिवशी, तिच्या नवऱ्यालाच.

चौकशीला एक अधिकारी आले. सभ्य माणूस. माझ्यासमोर खुर्ची टाकून त्यांनी विचारले, "इशाऱ्याची घंटा वाजली होती?"

"वाजली होती," सगळे म्हणाले.

"वेळेवर?"

"वेळेवर."

"मग माणसं का आली नाहीत?"

एकाने आपला कॅमेरा पुढे केला. त्यांनी वाचलेल्यांकडचे फोटो मागून पाहिले. दोन वाजून पाच, दोन वाजून सहा, दोन वाजून सात. सगळ्या फोटोंत आभाळ होते. समुद्र एकाही फोटोत नव्हता. अधिकाऱ्यांनी लिहिले, की इशारा वेळेवर देण्यात आला होता, आणि सही केली. त्यात खोटे काहीच नव्हते, मित्रांनो. म्हणूनच ते वाचून मला रडू आले. पण घंटेला रडता येत नाही, ती नुसती गारठते.

सगळे गेल्यावर तांडेल वर आला. लोलक उपटून समुद्रात फेकायला आला होता. हातात घण होता. राखणदार मध्ये उभा राहिला नाही, बाजूला झाला. तांडेलाने घण उचलला आणि तसाच खाली टाकला. पायरीवर बसून म्हणाला, "मामा, मला वाटलं, तुम्ही उठाव करताय."

"तिलाही तेच वाटलं," राखणदार म्हणाला.

सासरा आत गेला, दोन कप चहा घेऊन आला, एक जावयापुढे ठेवला. दोघेही तो प्यायले नाहीत.

त्या गोष्टीला आता काही वर्षे झाली. तांडेलाने होडी विकली नाही. लोक अजून येतात, त्यांना तो आणतो, पण धक्क्याच्या पुढे पाऊल टाकत नाही. माझा लोलक शाबूत आहे, दोरीही आहे. राखणदार मला रोज फडक्याने पुसतो, पण वाजवीत नाही. होडी निघायची वेळ झाली की तो काठी घेऊन निघतो. बेटभर पांगलेल्या माणसांपैकी एकेकाजवळ जातो, कोपराला हात लावतो आणि म्हणतो, "चला, वेळ झाली." टाक्यापाशी कुणी असेल तर टाक्यापाशी जातो, खेकड्यांपाशी कुणी असेल तर तिथे. माणसे मोजतो, पुन्हा मोजतो. एकशे चौदा पायऱ्या, दिवसातून तीनदा. गुडघे सुजतात. काही लोक वैतागतात, "आजोबा, एवढी घंटा आहे की, वाजवा ना!" तो पुढच्या माणसाकडे चालू लागतो. पिल्लावर तो कुणालाही जाऊ देत नाही. तिथे कासवे अजून येतात, म्हणे.

कड्यावरचे सुरय निम्मेही राहिले नाहीत. जे आहेत ते बसलेले असतात. माझ्या बाजूला एखादा जोराचा आवाज झाला, कुणी डबा पाडला, तरी त्यांचे पंख अर्धे उघडतात. ज्याने त्यांना पंख दिले, त्याला मी रोज विचारते, की माझ्या पोटात एवढा आवाज का घातलास? उत्तर येत नाही. येईल तेव्हा मी ऐकून घेईन.

राखणदार थकला आहे, मित्रांनो. एक दिवस त्याला पायऱ्या उतरता येणार नाहीत. त्या दिवशी माझी दोरी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाईल. कदाचित तुमच्याच. दोरी मऊ आहे, ओढायला सोपी आहे, आणि आवाज असा निघतो की ओढणाऱ्याची छाती फुगते. तेव्हा एकच करा. ओढण्याआधी क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा, मी कुणाला बोलावतो आहे, आणि कशासाठी? उत्तर आले तर खुशाल ओढा, मी जीव तोडून वाजेन. नाही आले, तर दोरी हळूच सोडून द्या. मी वाट पाहीन.